सत्तावीस एप्रिलचं पान

नेपरव्हिल, १२ जानेवारी

अतुल,

हे पाकीट न उघडता परत पाठवू नकोस. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, ईमेलला उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी पोस्टात जाऊन तिकिटं आणली. काउंटरवरच्या बाईने विचारलं, झेंड्याची हवीत की फुलांची. मी फुलांची घेतली. तुझं डोकं फिरेल असं पाकिटावर काही नको.

बाबांना जाऊन आज दहा आठवडे झाले. फ्युनरल होममध्ये तू लेकीला, केयाला घेऊन शेवटच्या रांगेत बसलास आणि त्याच संध्याकाळच्या फ्लाइटने टेक्सासला, अर्विंगला परत गेलास. माझ्याशी एकच वाक्य बोललास, "शेवटी त्रास झाला का?" मी नाही म्हटलं. तू मान हलवलीस आणि कोट घालायला लागलास. सख्ख्या बहिणीशी एवढंच. असो. भांडायला हे पत्र लिहीत नाहीये.

गेली सहा वर्षं बाबा इथे काय करत होते, हे तुला कुणी सांगितलेलं नाही. मीही नाही. आमच्या या गावात जुन्या छपाईचं एक छोटं म्युझियम आहे. बाबा मंगळवारी आणि गुरुवारी तिथे व्हॉलंटियर म्हणून जायचे. नागपूरचा छापखाना बंद झाला तेव्हा मालकांनी त्यांना देवनागरी खिळ्यांची एक पेटी निरोप म्हणून दिली होती. शिशाची ती सगळी अक्षरं त्यांनी आईच्या साड्यांमध्ये गुंडाळून इथपर्यंत आणली, आणि कस्टमच्या माणसाला त्यातला 'अ' हातात देऊन समजावून सांगितलं. म्युझियमच्या मिसेस लिंडक्विस्टनी ती पेटी पाहिली आणि बाबांना दुसऱ्याच दिवशी कामावर घेतलं. तिथे सगळ्यांना जुन्या काळचा पोशाख करावा लागतो, पण केसांचा टोप घालायला बाबांनी साफ नकार दिला.

शंभर डॉलरच्या नोटेवर ज्या म्हाताऱ्याचं चित्र आहे ना, त्याच्यावर बाबांचा फार जीव जडला होता. का, तर तो मूळचा छापखान्यातला. देश उभा केला, विजेचा शोध घेतला, दुहेरी भिंगाचा चष्मा बनवला, पण मृत्युपत्रात स्वतःला प्रिंटरच म्हणवून घेतलं. बाबा म्हणायचे, "आपल्या धंद्यातला माणूस." तो दर वर्षी पंचांगासारखं पुस्तक काढायचा, त्यात हवामान असायचं आणि मधे मधे चिमटे काढणारा शहाणपणा. म्युझियममध्ये शाळेची मुलं आली की बाबा त्यांना त्यातली एक-एक ओळ छापून द्यायचे. मग गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मनावर घेतलं, आपल्या घरासाठी मराठीत असं एक कॅलेंडर करायचं. रोज एक पान, पानावर तारीख आणि एक ओळ. ऑक्टोबरमध्ये आणून माझ्या हातात दिलं. प्रत्येक पान खालच्या पानाला कडेने डिंक लावून चिकटवलेलं. आजचं फाडल्याशिवाय उद्याचं दिसत नाही. "एक जानेवारीपासून," म्हणाले, "आणि पुढचं चोरून बघायचं नाही."

पाच जानेवारीला निघालं, 'शेजाऱ्याने बर्फ काढून दिला तर त्याला लोणचं देऊ नको. तो घाबरतो. केळ्याचा ब्रेड दे.' मी आणि विक्रम, नवराबायको दोघंही पोट धरून हसलो. घरात बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा कुणी हसलं.

नऊ तारखेला नुसतं एवढंच होतं, 'तळघरात जा.' मी गेले. वॉशिंग मशीनमागचा पाइप तडकला होता आणि पाणी झिरपायला नुकतीच सुरुवात झाली होती. विक्रम म्हणाला, "जानेवारीत इथे पाइप फुटतातच. बाबांना हे घर आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं." मलाही ते पटलं.

तुला हे का सांगतेय ते मलाच नीट कळत नाहीये. आसावरीला आणि केयाला माझी आठवण सांग.

जय भीम.
नंदाताई


नेपरव्हिल, २३ फेब्रुवारी

अतुल,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तू ते ठेवलंस किंवा फेकलंस. दोन्ही चालेल.

मंगळवारी सकाळी पान फाडलं. 'विक्रमला सांग, डावा बूट झटकून घाल.' विक्रम गॅरेजच्या दाराशी बसून बूटच घालत होता. मी हाक मारली. त्याने डोळे फिरवले आणि बूट उलटा केला. त्यातून बल्बची काच पडली, माझ्या करंगळीएवढी, सुरीसारखी. आदल्या संध्याकाळी गॅरेजमधला बल्ब बदलताना त्याच्या हातून फुटला होता. सगळं झाडून घेतलं असं त्याला वाटलं होतं.

अतुल, बल्ब सोमवारी फुटला. बाबा नोव्हेंबरमध्ये गेले.

विक्रमने काच उचलली, कागदात गुंडाळली, कचऱ्यात टाकली आणि ट्रेन पकडायला निघून गेला. दुपारी ऑफिसमधून त्याचा मेसेज आला, "ते भिंतीवरून काढून ठेव." मी काढलं नाही. पण आता रोज सकाळी मी पान फाडते तेव्हा तो किचनमध्ये थांबत नाही. चहाचा कप घेऊन पुढच्या खोलीत जातो आणि तिथून विचारतो, "काय आहे?" मी 'काही नाही, मेथीबद्दल आहे' असं म्हटलं की मग आत येतो.

बहुतेक दिवशी खरंच मेथीबद्दलच असतं. गाडीच्या टायरबद्दल. माझ्या गुडघ्याबद्दल. 'लॅबमध्ये उभं राहून डबा खाऊ नकोस.' मी उभ्यानेच खाते, हे घरी कुणालाही माहीत नाही.

कागदाला अजून शाईचा वास येतो. आश्चर्य म्हणजे पान फाडल्यावर जास्त येतो, जणू आत्ताच रूळ फिरवलाय. मी बोटाने घासून पाहिलं. बोट काळं झालं.

तू बाबांना त्या दिवशी जे बोललास, त्याबद्दल ते इथे कधीही बोलले नाहीत. मीच बोलायचे. तुझ्या घराच्या वास्तूला आम्ही आलो होतो, तू आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस की वडील पब्लिशिंगमध्ये होते आणि धरमपेठेत, बंगलेवाल्यांच्या वस्तीत राहायचे. बाबांना ठाऊकच नव्हतं. कुणीतरी विचारलं आणि त्यांनी हसून सांगितलं, "धरमपेठ नाही हो, इंदोरा. आणि पब्लिशिंग कसलं, खिळे जुळवायचो." वर हात जोडून जय भीम म्हणाले. पाहुणे गेल्यावर तू किचनमध्ये उभा राहून म्हणालास, "तुम्ही आला नसतात तर बरं झालं असतं." तुझा बॉस तिथे होता, तुझं कॉन्ट्रॅक्ट अडकलं होतं, तू घाबरला होतास, हे सगळं बाबांनी मला विमानातच समजावून सांगितलं होतं. मला ते समजून घ्यायचं नव्हतं.

नंदाताई


नेपरव्हिल, ३० मार्च

अतुल,

हे पत्र नीट वाच. दोनदा वाच.

मी बाबांचं ऐकलं नाही. काल वाफ देऊन पुढची काही पानं सोडवली. सत्तावीस एप्रिलच्या पानावर तुझं नाव आहे. जसंच्या तसं उतरवून देते.

'अतुलने आज मैदानावर जाऊ नये. विज पडेल.'

सत्तावीस तारखेला रविवार आहे. तू दर रविवारी क्रिकेटला जातोस हे मला आसावरीच्या फेसबुकवरून माहीत आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, बूट आणि पाइप वगैरे सगळं मनाचे खेळ आहेत असं समज. पण एक रविवार घरी थांब. आणि थांबलास की मला फोन कर. एवढंच मागते.

ताई


नेपरव्हिल, ४ मे

अतुल,

आसावरीचा फोन आला तेव्हा मी ग्रोसरी स्टोअरच्या पार्किंगमध्ये होते. सहा वर्षांत तिचा आवाज ऐकला नव्हता. ती आधी रडली आणि मग सांगायला लागली, त्यामुळे मला वाटलं तू गेलास. गाडीचं दार उघडं टाकून मी खाली डांबरावर बसले. एका बाईने येऊन विचारलं, अॅम्ब्युलन्स बोलवू का.

मग कळलं. तू माझं पत्र फाडून कचऱ्यात टाकलंस. केयाने तुकडे उचलून टेपने जोडले. "डॅड, जस्ट वन संडे," म्हणाली. तू ऐकलं नाहीस, तेव्हा तिने तुझ्या गाडीच्या मागे आपली गाडी आडवी लावली आणि किल्ली घेऊन मैत्रिणीकडे निघून गेली. तू ड्राइव्हवेमध्ये उभा राहून तिला फोनवर फोन करत होतास. साडेचार वाजता लख्ख ऊन होतं म्हणे. ढग एकाच बाजूने आला. तू ज्या टोकाला उभा राहून अंपायरिंग करतोस तिथलं गवत जळून काळं पडलंय. शेजारी उभे असलेले दोघं हॉस्पिटलमध्ये होते, आता घरी आलेत. बरं झालं. फार बरं झालं.

आसावरी सारखी म्हणत होती, "ताई, बाबांनी वाचवलं." मी हो हो म्हणत राहिले. आठ दिवस झाले, मला झोप नाही, अन्न जात नाही. आता लिहून टाकते.

ते पान खोटं आहे.

मी पुढची पानं सोडवलीच नव्हती. ते वाक्य मी बनवलं, लॅबच्या ब्रेकरूममध्ये बसून, पाच मिनिटांत. बाबा त्या नोटेवरच्या म्हाताऱ्याच्या विजेच्या सळीबद्दल मुलांना सांगायचे ते डोक्यात होतं, टेक्सासमध्ये एप्रिलात वादळं येतात हे माहीत होतं, आणि तुझा रविवार माहीत होता. तू घाबरावंस आणि फोन करावास, एवढाच हेतू. सत्तावीसला इथे पान फाडलं तर त्यावर होतं, 'खिडक्यांच्या जाळ्या धुवायला काढ.' मी जाळ्या काढल्या, धुतल्या, वाळत घातल्या, आणि मनात म्हटलं, चला, काही झालं नाही. नेमकं तेव्हा तिकडे गवत जळत होतं.

योगायोग आहे असं मी स्वतःला सांगते. दिवसभर पटतं. सकाळी कॅलेंडरसमोर उभी राहिले की पटत नाही.

तुला राग यायलाच हवा. पण आसावरीला आणि केयाला तूच सांग. त्या बाबांचे आभार मानतायत, आणि मला ते ऐकवत नाही.

ताई


नेपरव्हिल, १९ मे

अतुल,

तुझं पाकीट शनिवारी आलं. तुझं अक्षर बघून मी ते आधी देव्हाऱ्यात ठेवतात तसं बुद्धांच्या फोटोपुढे ठेवलं, मग हात धुऊन उघडलं.

तू लिहिलं आहेस की गेल्या ऑक्टोबरमध्ये बाबांच्या हस्ताक्षरात पत्ता घातलेलं एक पार्सल तुला आलं होतं, आणि ते न उघडता तू गॅरेजमध्ये वॉटर हीटरच्या मागे सरकवून ठेवलंस. माझं कबुलीचं पत्र वाचल्यावर ते काढलंस. आत माझ्यासारखंच कॅलेंडर निघालं. पाकिटावर पोस्टाचा शिक्का ९ ऑक्टोबरचा. तू एक-एक करत सत्तावीस एप्रिलपर्यंत पानं फाडलीस, आणि ते पान मला पाठवलंस. "ताई, तू खोटं बोललीस असं म्हणतेस, मग हे काय आहे ते सांग."

ते माझ्यासमोर टेबलावर आहे.

'अतुलने आज मैदानावर जाऊ नये. विज पडेल.'

तू पुढे लिहिलंस, "बाबांनी आयुष्यात एक वेलांटी चुकवली नाही. मला आठवीत निबंधात ऱ्हस्व-दीर्घासाठी उठाबशा काढायला लावल्या. 'वीज' हा शब्द ते पहिली वेलांटी देऊन कसे छापतील?"

ते नाही छापणार. मी चुकते तो शब्द. लहानपणापासून चुकते. बाबा लाल पेन्सिलने गोल करायचे आणि मी पुढच्या वेळी पुन्हा तसंच लिहायचे. ती माझी चूक आहे, अतुल. माझ्या ब्रेकरूममधली. मी मार्चच्या शेवटी केलेली चूक ऑक्टोबरमध्ये शिशात जुळवून, शाई लावून, डिंकाने चिकटवून, पोस्टात पडलेली आहे.

मी ते पान घेऊन मिसेस लिंडक्विस्टकडे गेले. त्यांना मराठी येत नाही, पण अक्षरांचे खिळे त्या हाताने ओळखतात. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि पेटीतून एक 'ज' काढून दाखवला. त्याचा पाय तुटका आहे. पानावरच्या 'ज'चाही तुटका आहे. "दिस इज लाहूज," म्हणाल्या. बाबांचं लहू हे नाव नीट म्हणता येत नाही त्यांना. बाबांनी दोन प्रती बांधल्या होत्या, दुसरी पोस्टात टाकायला त्या स्वतः त्यांना गाडीतून घेऊन गेल्या होत्या. "मुलासाठी आहे म्हणाले. मी विचारलं, दोन्ही सारख्या का? तर म्हणाले, नाही, तिकडे जे पोचलं नाही ते यात आहे."

ऑक्टोबरनंतर ती पेटी कुलपात आहे. किल्ली एकच. मी पेटीत हात घालून पाहिला. सगळे खिळे थंडगार होते, फक्त एका खणातले कोमट होते. कुठल्या ते बघितलं नाही. हात काढून घेतला.

विक्रमला यातलं काही सांगितलं नाही. तुझं बोलणं खरं आहे, दोघांनी मिळून एका जागी बसून हे बघायला हवं. तुझ्या कॅलेंडरमध्ये एसीच्या फिल्टरबद्दल, केयाच्या गाडीच्या ब्रेकबद्दल जे निघालं ते करून घे, टाळू नकोस.

पत्राच्या शेवटी तू आणखी एक विचारलं आहेस. ते मी वाचलं आहे.

ताई


नेपरव्हिल, २ जून

अतुल,

दोन आठवडे मी टाळलं. तू दुसऱ्यांदा लिहिलंस, त्यात दुसरं काहीच नाही, फक्त तोच प्रश्न. म्हणून आता उत्तर देते. हे लिहिताना घरात कुणी नाही, दुपारचे दोन वाजलेत, अंगणात ऊन आहे. तरी मी पाठ भिंतीला लावून बसलेय.

तू कॅलेंडर पुढे उघडलंस, बाबा गेले त्या दिवसाच्या आसपास काय आहे ते बघायला. एक नोव्हेंबरच्या पानावर तुला मिळालं,

'अतुल येत नाही म्हणाला.'

आणि तू विचारलंस, "ताई, हे मी कुणाला म्हणालो? कधी म्हणालो?"

तू कधीच म्हणाला नाहीस. मी म्हणाले.

गेल्या वर्षी एक नोव्हेंबरला शुक्रवार होता. शेवटच्या दिवसांतल्या काळजीसाठी येणारी हॉस्पिसची नर्स सकाळी येऊन गेली होती. फॅमिली रूममध्ये खिडकीशी बाबांचा बेड लावला होता. डोकं अगदी स्वच्छ होतं त्यांचं. म्हणाले, "नंदा, अतुलला फोन लाव. त्याला म्हणावं, ये." मी फोन घेऊन गॅरेजमध्ये गेले. तू ब्लॉक केलेलं होतंस, पण आसावरीचा नंबर होता. तुझ्या ऑफिसचा होता. केयाला मेसेज करता आला असता. मी डीप फ्रीजरला टेकून उभी राहिले. फोन हातातच होता. दहाएक मिनिटं गेली असतील. मग आत आले आणि म्हणाले, "अतुल येत नाही म्हणाला."

ते रविवारी सकाळी गेले. मी तुला कळवलं ते त्यानंतर.

का केलं, ते लिहायला बसले तर चार कारणं सुचतात आणि चारही मला चांगली ठरवणारी. खरं सांगते. सहा वर्षं त्यांच्या गोळ्या मी दिल्या, नखं मी कापली, म्युझियमला मी सोडलं, आणि तू दारातून आत आला असतास तर त्यांचा चेहरा जसा फुलला असता तसा माझ्यासाठी कधी फुलला नाही. मला तो चेहरा बघायचा नव्हता. त्यांनी तुला केव्हाच माफ केलं होतं. तुमच्या भांडणात भांडत मी एकटीच उरले होते, आणि ते मी सोडलं असतं तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

फ्युनरल होममध्ये तू विचारलंस, त्रास झाला का. झाला. दोन दिवस ते दाराकडे बघत होते.

माझ्या कॅलेंडरमध्ये एक नोव्हेंबरला काय आहे ते मी बघितलेलं नाही, बघणार नाही. आज सकाळी पान फाडायलासुद्धा माझा हात गेला नाही.

आता तुला जे करायचं ते कर. हे पत्र आसावरीला दाखव, केयालाही दाखव. मी पुन्हा लिहिणार नाही, तू म्हणेपर्यंत.

नंदा


नेपरव्हिल, २९ जून

अतुल,

तू म्हणालास, म्हणून लिहितेय.

परवा तुझा नंबर फोनवर दिसला तेव्हा मी लॅबमध्ये होते. ग्लोव्ह्ज काढून बाहेर येईपर्यंत रिंग थांबेल असं वाटलं, थांबली नाही. मी हॅलो म्हटलं. पलीकडून नुसता तुझा श्वास ऐकू येत होता आणि मागे तुझ्या ऑफिसमधलं कुणीतरी हसत होतं. मी नंतर बघितलं, अकरा मिनिटं झाली होती. मग तू म्हणालास, "पाच जुलैला येतोय. केया पण येतेय. भांडायला येतोय, हे लक्षात ठेव." मी ठीक आहे म्हटलं. तेव्हा तू तो प्रश्न विचारलास. "तू तसं सांगितल्यावर बाबा काय म्हणाले?" मी आठवत नाही म्हटलं. तू म्हणालास, "आठवलं की लिही," आणि फोन ठेवलास.

आठवतंय. रोज आठवतं. फोनवर बोलले असते तर तू तिकीट कॅन्सल केलं असतंस अशी भीती वाटली. पण तू इथे येऊन, बाबांच्या खोलीत झोपून, मग हे ऐकावंस, तेही बरोबर नाही. आधी वाच, मग ठरव.

भिंतीवर अजून एक जूनच आहे. त्या दिवसापासून मी पान फाडलं नाही. घरात काही बिघडलेलं नाही, काही फुटलेलं नाही. विक्रम परत किचनमध्ये बसून चहा प्यायला लागलाय. तुझी प्रत येताना आण, नाहीतर आणू नकोस, मला दोन्ही सारखं.

त्या शुक्रवारी गॅरेजमधून मी आत आले तेव्हा बाबांनी चष्मा लावलेला होता. मी येणार म्हणून लावला असावा. मी बेडच्या पायथ्याशी उभी राहून ते वाक्य बोलले. ते माझ्याकडे बघत राहिले, आधी भिंगाच्या वरच्या भागातून, मग मान किंचित उचलून खालच्या भागातून, प्रूफ वाचताना बघायचे तसे. रागावले नाहीत. मला रागावलेले चालले असते.

"बरं," म्हणाले.

मी चादर नीट करायला वाकले. तेवढ्यात माझ्या मनगटावर हात ठेवून त्यांनी विचारलं, अगदी हळू, खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं,

"फोन न लावताच तो काय म्हणाला, ते तुला कसं ऐकू आलं?"

मी चादरीचं टोक गादीखाली खोचलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. थोड्या वेळाने पाणी मागितलं आणि मी चमच्याने पाजलं, ते सगळं प्यायले.

शनिवारी एअरपोर्टवर मी एकटीच येईन. बाहेर गाड्या लागतात तिथे उभी असेन. माझ्या गाडीत बसावंसं वाटलं तर बस, नाहीतर केयाला माझ्याबरोबर पाठव आणि तू टॅक्सी कर. दार उघडंच ठेवते.

नंदा